बिल्डगणिक कंपायलर सेटिंग्जचा हिशोब कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सी आणि सी-प्लस-प्लसचं काम चालतं, वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनवतो आम्ही, आणि बिल्डचं खातं गेली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नवीन मुलंमुली जॉइन झाली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हेच प्रश्न येतात आणि मी ते कधी टपरीवर चहा घेताना, कधी लोकलमधे उभ्या उभ्या समजावते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्रॅम, आणि फ्लॅग म्हणजे त्याला कमांडमधे दिलेला ऑप्शन. फ्लॅगची नावं आपण बोलतो तशीच लिहिली आहेत.

ताई, कंपायलर सेटिंग्ज म्हणजे ते फ्लॅग्जच ना?

फ्लॅग्ज तर आहेतच, पण तेवढ्यावर थांबू नका. कंपायलर कुठला आणि त्याचं व्हर्जन कुठलं, लिंकर (कंपाइल झालेल्या फाइल्स जोडून एक प्रोग्रॅम करणारा) कुठला, कुठली मॅक्रो (कोडचे काही भाग चालू-बंद करणारी नावं) डिफाइन केली, कुठल्या प्रोसेसरसाठी कोड काढला, लँग्वेज स्टँडर्ड १४ चं की १७ चं, हेडर फाइल्स नक्की कुठल्या फोल्डरमधून उचलल्या गेल्या, आणि टर्मिनलमधे कुणी सीफ्लॅग्ज (फ्लॅग्ज ठेवायचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) एक्सपोर्ट करून ठेवलेत का. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त खटकतं कारण ते कुठल्याच फाइलमधे दिसत नाही, टर्मिनल बंद केलं की पुरावाही गेला.

शिवाय काही सेटिंग्ज तुम्ही दिलेल्याच नसतात तरी लागू असतात. साधा चार टाइप घ्या, इंटेलवाल्या लिनक्सवर तो साइन्ड धरतात आणि आर्मच्या लिनक्सवर अनसाइन्ड, एकही फ्लॅग न बदलता तोच कोड दोन मशीनवर वेगळा वागू शकतो.

सगळा सोर्स गिटमधे आहे, कमिट नंबर (गिटमधल्या त्या नोंदीचा क्रमांक) आहे, अजून काय पाहिजे?

परळला आमच्या चाळीखाली पिठाची गिरणी होती. आई डबा देताना आत चिठ्ठी टाकायची, नाव, काय आहे आणि कसं दळायचं. हरभऱ्याची डाळ तीच, पण लाडवाला जाडसर लागते आणि पिठल्याला बारीक, आणि चिठ्ठी हरवली तर एक तर लाडू चिकट होतात नाहीतर पिठलं खरखरीत. कमिट नंबर तुम्हाला एवढंच सांगतो की डाळ कुठली होती. कशी दळली ते नाही सांगत.

एक खरा प्रसंग सांगते. शिवडीला एका गोडाऊनच्या गेटवर आमचा काटा आहे, तिथला पीसी जुना, २०१३ च्या आधीचा. आम्ही एक छोटा अपडेट पाठवला, सोर्समधे दोन ओळींचा फरक, पावतीवरची तारीख छापायची पद्धत फक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, प्रोग्रॅम उघडतो आणि लगेच बंद पडतो, बाहेर ट्रकची रांग. मी अंधेरीहून हार्बरची सीएसएमटी लोकल पकडून शिवडीला पोचले, पाऊस धो धो, आणि स्क्रीनवर दोनच शब्द, इल्लीगल इन्स्ट्रक्शन. आम्ही त्या दोन ओळी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. शेवटी जीडीबी, म्हणजे डिबगर, लावला आणि जिथे पडला तिथली मशीन इन्स्ट्रक्शन बघितली, तर नाव व्ही-पी ने सुरू होणारं, म्हणजे एव्हीएक्सच्या घरातलं, नव्या प्रोसेसरांमधल्या जलद आकडेमोडीच्या इन्स्ट्रक्शन्सपैकी. तिथे डोक्यात उजेड पडला. एव्हीएक्स-टू इंटेलच्या हॅसवेल प्रोसेसरपासून आलं, २०१३ मधे, आणि या पीसीला ते माहीतच नाही. आमच्यातल्या एकाने काही आठवडे आधी स्पीड तपासायला सीफ्लॅग्जमधे मार्च-नेटिव्ह टाकलं होतं, म्हणजे “ज्या मशीनवर कंपाइल करतोयस त्याच मशीनसाठी कोड काढ”, आणि मशीन म्हणजे त्याचा नवाकोरा लॅपटॉप. नंतर त्याने ते काढलंही होतं, प्रामाणिकपणे काढलं होतं. पण बिल्ड फोल्डर तेच राहिलं आणि त्या फोल्डरने ते लक्षात ठेवलं, कसं ते खाली सीमेकच्या (मेकफाइल्स वगैरे बनवून देणारं टूल) प्रश्नात येईल.

अर्धा दिवस त्या ड्रायव्हर लोकांनी पावसात काढला. कमिट नंबर माझ्याकडे होता हो, त्याचा काही उपयोग झाला नाही.

मेकफाइलमधे फ्लॅग बदलला आणि मेक मारलं, तर म्हणतो सगळं अप टू डेट आहे. असं का?

कारण मेक, म्हणजे मेकफाइलमधे लिहिल्याप्रमाणे कंपाइलच्या कमांड्स चालवणारं टूल, फक्त फाइलच्या वेळा बघतं. बेल लॅब्जमधे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मधे मेक लिहिलं आणि त्याचा पाया आजही तोच आहे, सोर्स फाइल तिच्यापासून कंपाइल होऊन बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवीन असेल तरच कंपाइल कर. कमांड कुठली होती हे ते कुठेच लिहून ठेवत नाही, म्हणून तुम्ही ओ-टू चं ओ-झीरो (ऑप्टिमायझेशनच्या लेव्हल्स) केलंत तरी त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही.

आता खरा घोळ बघा. तुम्ही फ्लॅग बदलता, मेक काही करत नाही, मग तुम्ही एका फाइलमधे काहीतरी एडिट करता, आणि मेक तेवढीच एक फाइल नव्या फ्लॅगने कंपाइल करून जुन्या बाकीच्यांबरोबर लिंक करतं. एकही एरर नाही, वॉर्निंग नाही.

समजा वजनाच्या नोंदीचं एक स्ट्रक्चर आहे आणि त्यात डबल टाइपचं वजन पहिलं फील्ड आहे. कुणीतरी डिबग मॅक्रोच्या आत त्याच्याही वरती एक इंटिजर काउंटर टाकलाय, किती वेळा वजन वाचलं ते मोजायला. डिबग ऑन करून कंपाइल झालेल्या फाइलमधे काउंटर शून्याव्या बाइटला आणि ६४ बिटच्या मशीनवर वजन गेलं आठव्या बाइटला. डिबगशिवाय कंपाइल झालेली दुसरी फाइल मात्र वजन शून्याव्या बाइटलाच शोधते. म्हणजे एक फाइल १२४५० किलो बरोबर लिहिते आणि दुसरी तिथून काउंटरचे बिट्स उचलून त्यालाच डबल समजून छापते, आणि काउंटर ३ वगैरे असेल तर डबल म्हणून ती संख्या इतकी नगण्य होते की पावतीवर येतं ०.००. कोडमधे कितीही शोधा, चूक सापडणार नाही, कारण कोडमधे ती नाहीच.

गिरणीवाले काका उपासाची भाजणी गव्हामागे कधी दळायचे नाहीत, आधीचं पीठ जात्यात राहतं म्हणून. मेक तेवढं बघत नाही, ते आपल्याला बघावं लागतं.

मग दर वेळी मेक क्लीन मारायचं का?

रिलीजला हो, आणि नुसतं क्लीन पण नाही, पूर्ण रिकामं नवीन फोल्डर घ्यायचं, यात माझ्याकडून सूट मिळणार नाही. रोजच्या कामात दर वेळी क्लीन मारलं तर अर्धा दिवस पंख्याचा आवाज ऐकण्यात जाईल आणि मग माणसं क्लीन मारायचंच सोडतात.

त्यापेक्षा मेकलाच शिकवा. फ्लॅग्ज एका छोट्या टेक्स्ट फाइलमधे लिहायचे, प्रत्येक मेकच्या वेळी नवीन मजकूर तात्पुरत्या फाइलमधे काढून जुन्याशी ताडून बघायचा, आणि फरक असेल तरच जुनी फाइल बदलायची. सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्सना त्या टेक्स्ट फाइलवर डिपेंडन्सी द्यायची. फ्लॅग तेच असतील तर फाइलला हात लागत नाही, वेळ बदलत नाही, काही रिबिल्ड होत नाही, आणि फ्लॅग बदलले तर सगळं आपोआप होतं. चारपाच ओळींचं काम आहे आणि त्या फाइलमधे कंपायलरच्या व्हर्जनची ओळही टाका, म्हणजे सिस्टम अपडेटमधे जीसीसी कंपायलर बदलला तरी पकडला जातो.

लिनक्स कर्नलवाले हेच जास्त बारकाईने करतात, प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलच्या शेजारी डॉट-सीएमडी एक्स्टेन्शनची लपलेली फाइल असते आणि ती फाइल कुठल्या कमांडने बनली ते पूर्ण त्यात लिहिलेलं असतं, पुढच्या वेळी कमांड वेगळी दिसली की ती फाइल परत बनते. एकदा कर्नल बिल्ड करून त्यातली एक फाइल उघडून बघाच.

निंजा वापरलं तर हा त्रास नाही असं ऐकलंय?

बरोबर ऐकलंय. निंजा हे मेकसारखंच टूल, ते प्रत्येक आउटपुटच्या कमांडचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) स्वतःच्या लॉगमधे ठेवतं, कमांड बदलली की रिबिल्ड. सीमेकने बनवलेल्या मेकफाइल्सही फ्लॅग्जची वेगळी फाइल ठेवतात आणि तिच्यावर डिपेंडन्सी असते, त्यामुळे तिथेही चालतं. हाताने लिहिलेल्या मेकफाइलवाल्यांनाच जपायचं आहे.

सीएक्सएक्स-फ्लॅग्ज एक्सपोर्ट केले, सीमेक परत चालवलं, तरी जुनेच फ्लॅग लागतात. का?

हाच तो शिवडीचा प्रश्न. सीमेक एन्व्हायर्नमेंटमधले फ्लॅग्ज फक्त पहिल्यांदा कॉन्फिगर करताना वाचतं आणि कॅश फाइलमधे लिहून ठेवतं. त्यानंतर तुम्ही एक्सपोर्ट बदला, काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा, ते फोल्डर आहे तोवर कॅशमधलेच फ्लॅग चालणार. आमच्या मित्राने टर्मिनलमधून मार्च-नेटिव्ह काढलं ते खरं, पण कॅशमधे ते बसलेलंच होतं आणि रिलीज त्याच फोल्डरमधून निघाला.

उपाय म्हणजे फोल्डर उडवून नवीन बनवणं, किंवा सीमेक ३.२४ पासून फ्रेश नावाचा ऑप्शन आलाय तो देणं. आणि कॅश फाइल वाचायची सवय लावा, साधी टेक्स्ट फाइल आहे, ग्रेप मारून फ्लॅग्ज शोधले की दोन सेकंदांत कळतं.

अजून एक. बिल्ड टाइप दिलाच नाही तर मेकफाइल आणि निंजासाठी सीमेक तो रिकामा ठेवतं, म्हणजे ऑप्टिमायझेशनचा फ्लॅगही नाही आणि डिबगचाही नाही, आणि मग लोक म्हणतात नवीन व्हर्जन एवढं स्लो का. रिलीज म्हटलं की ओ-थ्री आणि एनडीबग लागतं, रेल-विथ-डेब-इन्फो म्हटलं की ओ-टू, जी (डिबग इन्फोचा फ्लॅग) आणि एनडीबग. मी यातलं दुसरं, रेल-विथ-डेब-इन्फो, वापरते, साइटवर काही पडलं तर डिबग इन्फो हाताशी असते.

मग फ्लॅग्ज लिहायचे कुठे?

रिपॉझिटरीमधे, सोर्सच्या शेजारी. सीमेकवाल्यांना ३.१९ पासून प्रीसेट्सची जेसन फाइल आहे, तीत प्रत्येक बिल्डला नाव द्या, “साइट-रिलीज”, “ऑफिस-डिबग”, असं काहीही, आणि ती कमिट करा. मग फ्लॅग बदलणं म्हणजे कमिट, कमिट म्हणजे रिव्ह्यू, आणि का बदललं ते मेसेजमधे लिहिलेलं. विकीवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलेले फ्लॅग्ज मी धरतच नाही, ते सहा महिन्यांत जुने होतात आणि कुणाला कळतही नाही. वैयक्तिक प्रयोगांसाठी युझर प्रीसेट्सची वेगळी फाइल असते, ती गिटमधे टाकायची नाही.

डिबगमधे चालतं, रिलीजमधे नाही. कंपायलरचा बग असेल का?

जवळजवळ कधीच नसतो. आधी असर्ट बघा, म्हणजे कोडमधली “हे खरं असलंच पाहिजे” अशी तपासणी. एनडीबग डिफाइन झालं की असर्टच्या कंसातलं सगळंच गायब होतं, नुसती तपासणी नाही. कुणीतरी असर्टच्या आत पोर्ट उघडायचं फंक्शन कॉल केलं असेल तर रिलीजमधे पोर्ट उघडतच नाही, आमच्याकडे रिव्ह्यूमधे हे मी दोनदा पकडलंय. मग इनिशिअलाइझ न केलेले व्हेरिएबल्स बघा. आणि कुणी फास्ट-मॅथ टाकलंय का बघा, त्यात कंपायलर धरून चालतो की नॅन (संख्याच नसलेली किंमत) येणारच नाही, त्यामुळे तुमचा इज-नॅनचा चेक तो सरळ काढून टाकू शकतो. सेन्सरची वायर निघाली की नॅन येणार अशा कोडमधे फास्ट-मॅथ मी येऊ देत नाही.

ओ-टू म्हणजे ओ-टू, त्यात व्हर्जन कशाला लिहायचं?

ओ-टू हे पाकिटावरचं नाव आहे, आतला माल व्हर्जनप्रमाणे बदलतो. जीसीसी १२ मधे, २०२२ साली, ओ-टू लाच लूप व्हेक्टराइझ करणं सुरू झालं, आधी ते ओ-थ्री ला व्हायचं. जीसीसी १० मधे नो-कॉमन डिफॉल्ट झालं आणि हेडरमधे ग्लोबल व्हेरिएबल लिहिलेली जुनी सी प्रोजेक्ट्स एकदम मल्टिपल डेफिनिशन म्हणून लिंकरला अडकली. जीसीसी ११ पासून सी-प्लस-प्लसचं डिफॉल्ट स्टँडर्ड १७ झालं. यात तुम्ही मेकफाइलचं एक अक्षरही बदललेलं नाही.

जीसीसीला कॅपिटल क्यू आणि हेल्प-ऑप्टिमायझर्स दिलं की तुमच्या लेव्हलला नक्की काय काय चालू आहे ती यादी मिळते. नवीन व्हर्जन घेण्याआधी जुन्याची आणि नव्याची यादी काढून डिफ मारा.

बायनरी हातात आहे, ती कशी बनवली ते आता कळेल का?

बऱ्याचदा कळतं, आणि हा मला सगळ्यात आवडता प्रश्न आहे. रीडएल्फ या टूलने बायनरीचं कॉमेंट सेक्शन वाचा, कंपायलरचं नाव आणि व्हर्जन बहुतेक तिथे असतं. जी देऊन बनवली असेल आणि स्ट्रिप केली नसेल तर डिबग इन्फोमधे प्रोड्यूसर नावाची नोंद असते, जीसीसी त्यात कोडवर परिणाम करणारे फ्लॅग्ज स्वतःहून लिहितो. आणि कंपाइल करतानाच रेकॉर्ड-जीसीसी-स्विचेस हा फ्लॅग दिला असेल तर कमांड लाइनचं वेगळं सेक्शनच फाइलमधे बसतं, स्ट्रिंग्जसारखं वाचता येतं. स्पीडवर काही परिणाम नाही, साइज किंचित वाढते. आमच्या प्रत्येक बिल्डला तो आहे.

चांगली सॉफ्टवेअर हे उघडपणे सांगतात. एंजिनएक्सला कॅपिटल व्ही द्या, कॉन्फिगर कसं केलं ते पूर्ण छापतो. ओपनएसएसएलला व्हर्जन आणि ए द्या, कंपायलरची ओळ दिसते. एसक्यूलाइटमधे कंपाइल-ऑप्शन्सचा प्राग्मा आहे, पोस्टग्रेसला पीजी-कॉन्फिग आहे. कर्नलमधे तो ऑप्शन चालू असेल तर प्रॉकमधे कॉन्फिगची जीझिप फाइल मिळते, म्हणजे चालू मशीनवरच विचारता येतं. गो लँग्वेजमधे तर १.१८ पासून टूलच तयार बायनरीतून बिल्ड सेटिंग्ज आणि गिटचं रिव्हिजन काढून देतं.

आपल्या प्रोग्रॅमने काय छापावं?

शिवडीनंतर आम्ही हे सुरू केलं. अबाउटच्या स्क्रीनवर आणि लॉगच्या पहिल्या ओळीत गिट-डिस्क्राइबचं आउटपुट, डर्टी ऑप्शनसकट, म्हणजे कमिट न केलेले बदल असतील तर तेही दिसतं. त्याखाली कंपायलर आणि व्हर्जन, बिल्ड टाइप, पूर्ण फ्लॅग्ज, टार्गेट प्रोसेसर. ही माहिती बिल्डच्या वेळी स्क्रिप्टने बनलेल्या एका फाइलमधून यायला हवी, हाताने टाइप केलेली नको, हाताने टाइप केलेली पहिल्या घाईत चुकते.

गोडाऊनचा माणूस फोनवर ती ओळ वाचून दाखवतो आणि मला लोकल पकडावी लागत नाही.

बाहेरून नुसती कंपाइल केलेली लायब्ररी मिळाली तर?

त्यांच्याकडून कंपायलर व्हर्जन आणि फ्लॅग्ज लेखी मागा, आधी मागा, पेमेंटनंतर नाही. जीसीसी ५ मधे, २०१५ ला, स्टँडर्ड लायब्ररीतल्या स्ट्रिंग आणि लिस्टची रचना बदलली आणि जुनी-नवी निवडायला एक मॅक्रो दिला, लायब्ररी एका बाजूची आणि तुम्ही दुसऱ्या बाजूचे असाल तर स्ट्रिंग घेणारी फंक्शन्स लिंकरला सापडतच नाहीत. तो एरर मिळाला तर नशीब समजा. स्ट्रक्चर पॅकिंग किंवा शॉर्ट-इनम्समधला फरक असेल तर एरर पण येत नाही.

विंडोजवर?

व्हिज्युअल स्टुडिओ कमांड लाइन्स टीलॉग फाइल्समधे ठेवतो आणि बदलल्या की रिबिल्ड करतो, तिथे बरं आहे. डिबग आणि रिलीजच्या लायब्ररी मिसळल्या तर लिंकर एलएनके२०३८ देऊन मिसमॅच सांगतो, तो दाबायला जुगाड करू नका. सेटिंग्ज प्रत्येक प्रोजेक्टच्या डायलॉगमधे क्लिक करत बसण्यापेक्षा कॉमन प्रॉप्स फाइलमधे ठेवा.

सीकॅशमुळे जुन्या फ्लॅगची ऑब्जेक्ट येईल का?

नाही, सीकॅश म्हणजे आधी कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइल्स जपून परत वापरायला देणारं टूल, आणि त्यात फ्लॅग्ज आणि कंपायलर दोन्ही हॅशमधे धरलेले असतात. कंपायलर मात्र ते डिफॉल्टने त्याच्या फाइलच्या वेळ आणि साइजवरून ओळखतं, स्क्रिप्टमागे लपवलेला कंपायलर असेल तर ती सेटिंग बदलून घ्या.

दोन बिल्ड एकच आहेत हे कसं ताडायचं?

सीमेकला कंपाइल-कमांड्स एक्सपोर्ट करायला सांगा, प्रत्येक फाइलची पूर्ण कमांड एका जेसनमधे येते, ती रिलीजबरोबर साठवा. गेल्या वेळच्या जेसनशी डिफ मारला की काय बदललं ते डोळ्यांसमोर. साधी मेकफाइल असेल तर बेअर नावाचं टूल तीच फाइल बनवून देतं.

बायनरीच बाइट टू बाइट सारखी हवी असेल तर कोडमधली डेट आणि टाइमची मॅक्रो काढा किंवा सोर्स-डेट-इपॉक सेट करा, बिल्ड फोल्डरचा पाथ डिबग इन्फोत जातो त्यासाठी जीसीसी ८ पासून फाइल-प्रीफिक्स-मॅप आहे. तरी फरक आला तर डिफोस्कोप लावा, तो आत शिरून कुठला सेक्शन वेगळा ते दाखवतो. डेबियनवाले प्रत्येक बिल्डची बिल्डइन्फो फाइल काढतात, कुठली पॅकेजेस कुठल्या व्हर्जनची होती ते सगळं, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

दहा वर्षांचं जुनं प्रोजेक्ट आहे, कशाचीच नोंद नाही. सुरुवात कुठून?

साइटवर आत्ता चालत असलेल्या बायनरीपासून. ती कॉपी करून आणा, कॉमेंट सेक्शन वाचा, प्रोड्यूसर सापडतो का बघा, जे मिळेल ते लिहून काढा. ज्या मशीनवर बिल्ड व्हायचं ते अजून असेल तर त्याला फॉरमॅट करू देऊ नका, ॲडमिनला आजच मेल टाका. त्याची बॅश-आर-सी, कॅश फाइल्स, ऑटोकॉन्फवालं असेल तर कॉन्फिग-लॉग, ज्यात कॉन्फिगर कुठल्या कमांडने चालवलं ते वरतीच लिहिलेलं असतं, हे सगळं उचलून ठेवा. आणि ज्यांनी ते बनवलं ती माणसं ऑफिसात असतील तर त्यांच्याबरोबर बसा, एखादा फ्लॅग का आहे हे फाइलमधे कधीच नसतं, माणसाला आठवतं.

मग आहे तसंच परत बनवून बघा, आणि जमेपर्यंत एकही फ्लॅग सुधारायला जाऊ नका, कितीही चुकीचा वाटला तरी.